पहिल्या घरासाठी पैसे साठवताना हिशोब कसा मांडावा आणि झाडे जवळजवळ बिनखर्चात कशी वाढवावीत

पहिले घर घ्यायचे ठरले की बहुतेक जण आवडीच्या खर्चांवर सरसकट काट मारतात आणि त्या यादीत झाडे हमखास असतात. अशी काटकसर चार-सहा महिने टिकते. घराची बचत मात्र तीन, पाच, कधी सात वर्षे चालते आणि एवढा काळ मन मारून राहणे फारच थोड्यांना जमते. बाकीच्यांच्या बाबतीत एखाद्या महिन्यात बांध फुटतो आणि वाचवलेले एका फटक्यात खर्च होऊन जाते. म्हणून झाडांचा छंद सोडू नये, त्यावरचा खर्च सोडावा, असे माझे अनुभवाने बनलेले मत आहे. कुंड्यांमुळे घराचे पैसे उभे राहतात असा दावा मी करणार नाही, कारण त्यातून वाचणारी रक्कम लहानच असते. पण सुटीची संध्याकाळ घरातच, हात मातीत घालून आनंदाने घालवता आली, तर बाहेर जाऊन होणारा खर्च आपोआप टळतो आणि मोठी बचत निभावून नेण्याचा धीर टिकतो.

आधी आकडा

बचत कशासाठी हे ठाऊक असते, पण किती आणि कधीपर्यंत हे कागदावर लिहिलेले नसते. तिथूनच सुरुवात करावी. चलन कोणतेही असो, आज आपल्याला हव्या तशा घराची किंमत १०,००० आहे असे मानू. कर्ज देणाऱ्या संस्था सहसा पूर्ण किंमत देत नाहीत. काही वाटा स्वतः भरावा लागतो. तो २० टक्के धरला तर २,००० झाले. त्याशिवाय नोंदणी, कर, वकिलाचे शुल्क, घराची तपासणी, सामान हलवणे आणि राहायला गेल्यावर लगेच निघणारी दुरुस्ती यांसाठी वेगळी तरतूद लागते. हे खर्च जागोजागी बदलतात, त्यामुळे आपल्या ठिकाणचे दर आधी विचारून घ्यावेत; इथे उदाहरणापुरते ७०० धरू. एकूण २,७०० होतात.

आता ही रक्कम पाच वर्षांत जमवायची म्हटल्यावर बहुतेक जण २,७०० ला ६० महिन्यांनी भागतात, ४५ हे उत्तर काढतात आणि तेवढ्यावर थांबतात. हा हिशोब चुकतो, कारण पाच वर्षे किंमत जागेवर थांबत नाही. ती वर्षाला ४ टक्क्यांनी वाढली, तर आजचे १०,००० त्या वेळी सुमारे १२,१७० होतात आणि आपले २,७०० वाढून ३,२८५ च्या घरात जातात. पैसे घरातच ठेवून दरमहा ४५ साठवणाऱ्याला शेवटी ५८५ कमी पडतात, म्हणजे तब्बल तेरा महिन्यांची बचत. तेच पैसे वर्षाला ५ टक्के व्याज देणाऱ्या सुरक्षित ठेवीत दरमहा गेले, तर ६० हप्त्यांचे साधारण ६८ हप्त्यांइतके होतात. या हिशोबाने ३,२८५ गाठण्यासाठी महिन्याला सुमारे ४८ बाजूला काढावे लागतात. व्याजावर कर लागत असेल तर थोडे अधिक. ४५ आणि ४८ यांतला फरक किरकोळ दिसतो, पण तो पहिल्याच महिन्यात लक्षात आला तर सोसवतो आणि पाचव्या वर्षी लक्षात आला तर घराचा बेत लांबणीवर पडतो.

तीन ते पाच वर्षांत लागणारे हे पैसे शेअर बाजारात गुंतवू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. बाजार दीर्घ काळात चांगला परतावा देऊ शकतो हे खरे असले, तरी घसरण आणि घराचा व्यवहार एकाच वर्षी आले तर वाट पाहायला आपल्याकडे वेळ उरलेला नसतो. कमी व्याजाची मुदत ठेव इथे योग्य ठरते.

ही बचत सुरू करण्याआधी दोन कामे उरकावीत. क्रेडिट कार्डाची थकबाकी किंवा तसले महागडे कर्ज असेल तर ते आधी फेडावे, कारण त्यावर आकारले जाणारे व्याज ठेवीवर मिळणाऱ्या व्याजापेक्षा कितीतरी जास्त असते. दुसरे म्हणजे तीन ते सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी गंगाजळी वेगळ्या खात्यात ठेवावी. ती नसेल तर पहिल्याच आजारपणात किंवा नोकरीतल्या खंडात घराची ठेव मोडावी लागते.

हप्त्याची तालीम

वरचेच उदाहरण पुढे नेऊ. पाच वर्षांनी घर १२,१७० ला मिळाले आणि त्यातले ८० टक्के, म्हणजे सुमारे ९,७३०, कर्जाने घेतले, तर ८ टक्के दराने २० वर्षांसाठी महिन्याचा हप्ता सुमारे ८१ बसतो. आज घरभाडे ३५ असेल आणि आपण ४८ साठवत असू, तर आपल्या खिशातून आत्ताच ८३ जात आहेत. याचा अर्थ असा की ही बचत करताना आपण पुढच्या हप्त्याची तालीमच करत असतो. एक वर्षभर उधारी न करता हे जमले तर हप्ता झेपेल याचा पुरावा हाती आला. जमले नाही तर लहान घर, जास्त मुदत किंवा जास्त उत्पन्न यांपैकी काहीतरी आधी ठरवावे लागेल, आणि ते कर्जावर सही करण्यापूर्वी कळलेले केव्हाही बरे. मालकीच्या घराची देखभाल आणि त्यावरचा कर हे हप्त्याच्या वर असतात, त्यामुळे तालमीत थोडी रक्कम त्यांच्या नावानेही वेगळी काढावी.

कर्जाचे पोट किती मोठे असते हेही याच वेळी पाहून घ्यावे. त्या ८१ च्या पहिल्या हप्त्यातले सुमारे ६५ व्याजात जातात आणि मुद्दल केवळ १६-१७ ने कमी होते. वीस वर्षांत एकूण भरणा मुद्दलाच्या जवळपास दुप्पट होतो. हेच कर्ज १५ वर्षांत फेडायचे ठरवले तर हप्ता ९३ च्या आसपास जातो आणि एकूण सुमारे २,८०० वाचतात. साठवलेली रक्कम जितकी मोठी तितके कर्ज लहान, म्हणून सुरुवातीच्या वर्षांतली शिस्त पुढच्या वीस वर्षांना उपयोगी पडते.

वही आणि गळती

अंदाजपत्रक मांडण्याआधी तीन महिने खर्च नुसता लिहावा, काहीही बदलू नये. आपण कशावर खर्च करतो याविषयीची आपली समजूत आणि वहीतले आकडे सहसा जुळत नाहीत. माझ्या पहिल्या वहीत ‘इतर’ हा रकाना भाडे आणि किराणा यांच्याखालोखाल तिसऱ्या क्रमांकावर आला होता. तो उलगडून पाहिला तर त्यात चार रोपे, दोन चिनी मातीच्या कुंड्या, तयार मातीच्या पिशव्या आणि एका महिन्यात मरून गेलेल्या फुलझाडाच्या जागी आणलेले दुसरे फुलझाड एवढे सापडले. तेव्हापासून ‘इतर’ हा रकानाच मी ठेवत नाही. प्रत्येक खर्चाला त्याचे नाव द्यावे लागते.

तीन महिन्यांनंतर खर्चाची विभागणी करावी. दरमहा ठरलेले खर्च एका बाजूला, कमी-जास्त होणारे दुसऱ्या बाजूला, आणि वर्षातून एक-दोनदा येणारे, म्हणजे विमा, शाळेचे शुल्क, वाहनाची दुरुस्ती, प्रवास यांसारखे, तिसरीकडे. या तिसऱ्या गटामुळेच बहुतेक अंदाजपत्रके कोलमडतात. त्यांची वर्षाची बेरीज करून तिला बाराने भागावे आणि तेवढी रक्कम दर महिन्याला वेगळी ठेवावी, म्हणजे विम्याचा महिना आला तरी घराच्या ठेवीला धक्का लागत नाही.

घराची रक्कम पगार जमा होईल त्याच दिवशी, आपोआप, वेगळ्या खात्यात वळती झाली पाहिजे. महिनाअखेरीस उरेल ते साठवू असे म्हणणाऱ्याकडे सहसा काही उरत नाही. पगारवाढ झाली की वाढीतला निम्मा भाग त्याच महिन्यापासून या खात्याकडे वळवावा, कारण वाढलेल्या पगाराची सवय एकदा लागली की तो वळवणे जड जाते. झाडांसाठीही वहीत एक छोटी, ठरलेली रक्कम असावी. ती शून्य ठेवू नये. शून्य ठेवले की खर्च दुसऱ्या नावाखाली होतो आणि हिशोब खोटा पडतो.

मातृवृक्ष एकदाच विकत घ्यावा

बागेतला पैसा कुठे जातो हे पाहिले तर उत्तर सरळ आहे: वाढलेली रोपे आणणे, शोभेच्या कुंड्या घेणे आणि मेलेल्या झाडाच्या जागी नवे आणणे. या तिन्हींवर उपाय आहे. सहज फुटणाऱ्या जातींचे एकेक निरोगी झाड आणावे, शक्यतो ओळखीच्या माणसाकडून फांदी मागून घ्यावी, आणि त्यानंतरची सगळी झाडे त्यापासूनच तयार करावीत.

मनी प्लांटचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. वेलीवर जिथून पान निघते तिथे एक जाडसर गाठ असते, ते पेर. त्याच्या बाजूला तपकिरी रंगाचा एक छोटा उंचवटा दिसतो, कधी तो बोटाच्या नखाएवढा लांबलेलाही असतो; ते हवाई मूळ. स्वच्छ कात्रीने पेराच्या सुमारे एक सेंटिमीटर खाली कापावे, एक-दोन पाने वर ठेवावीत, खालचे पान काढून टाकावे आणि काचेच्या बाटलीत फक्त ते पेर बुडेल इतके पाणी घ्यावे. पान पाण्यात राहिले तर ते कुजते आणि पाणी खराब करते. बाटली उजेडात पण थेट उन्हापासून दूर ठेवावी आणि पाणी चार-पाच दिवसांनी बदलावे. उबदार दिवसांत दोन ते चार आठवड्यांत पांढरी मुळे दिसू लागतात; ती चार-पाच सेंटिमीटरची झाली की कलम मातीत लावावे. फार दिवस पाण्यातच ठेवले तर मुळांना पाण्याची सवय होते आणि मातीत रुळायला वेळ लागतो. नुसते पान देठासकट तोडून पाण्यात ठेवले तर त्याला एखादे वेळी मुळे येतात, पण पेर नसल्यामुळे नवा कोंब कधीच फुटत नाही. अनेकांची निराशा इथेच होते. दीड-दोन मीटरच्या एका वेलीपासून आठ-दहा कलमे सहज निघतात आणि कापलेल्या ठिकाणाखालून मूळ वेलही नव्याने फुटते.

पुदिना, कोलियस आणि बहुतेक मऊ खोडाची झाडे याच पद्धतीने पाण्यात मुळे धरतात. स्पायडर प्लांटच्या लांब देठांवर लोंबणारी पिल्ले मुळांची टोके दिसताच वेगळी करून लावता येतात. कोरफडीच्या बुडाशी येणारे मुनवे मुळांसकट सोडवून एक-दोन दिवस सावलीत ठेवावेत, जखम सुकली की लावावेत आणि पुढचे काही दिवस पाणी बेताने द्यावे. स्नेक प्लांटच्या पानाचे सात-आठ सेंटिमीटरचे तुकडे करूनही रोपे होतात, मात्र तुकड्याची खालची बाजू खालीच राहिली पाहिजे, नाहीतर मुळे येत नाहीत. त्यासाठी कापतानाच वरच्या टोकावर खूण करून ठेवावी. पिवळ्या कडांच्या जातीत एक अडचण आहे: पानाच्या तुकड्यापासून आलेल्या रोपात त्या कडा उमटत नाहीत, ते साधे हिरवे येते. कडा हव्या असतील तर कुंडी उपडी करून गड्डाच विभागावा लागतो.

भाजीसाठी बी धरायचे असेल तर सरळ वाणाचे, म्हणजे संकरित नसलेले, रोप निवडावे. संकरित वाणाच्या फळातले बी उगवते, पण पुढची पिढी आईबापासारखी निघेलच असे नाही. टोमॅटो, घेवडा आणि वाटाणा यांत बहुतांशी स्वपरागीभवन होत असल्यामुळे, म्हणजे फुलाला स्वतःचेच पराग पुरत असल्यामुळे, नवशिक्याने तिथून सुरुवात करावी. भोपळावर्गीय वेलींमध्ये परागण कीटकांमार्फत होते आणि शेजारच्या वेलींशी सरमिसळ होऊ शकते. पूर्ण पिकलेल्या टोमॅटोचे बी गरासकट थोड्या पाण्यात दोन-तीन दिवस ठेवले की बियांवरचा बुळबुळीत थर सुटतो. मग धुऊन, ताटलीत पसरून, सावलीत वाळवावे आणि कोरड्या, थंड जागी ठेवावे. जुने बी वापरण्याआधी दहा दाणे ओल्या कागदात गुंडाळून उगवण तपासावी. सहा उगवले तर थोडे दाट पेरावे. दोनच उगवले तर त्या बियाण्यात कष्ट घालू नयेत.

माती, भांडी आणि पाणी यांबाबत थोडक्यात सांगता येईल. तळाला भोके पाडलेली कोणतीही बादली, डबा किंवा डाग पडलेली टोपली कुंडीचे काम करते. भोकांवर खड्यांचा जाड थर दिल्याने निचरा सुधारतो ही समजूत चुकीची आहे. बारीक माती पूर्ण भिजेपर्यंत पाणी खालच्या भरड थरात उतरत नाही, त्यामुळे उलट मुळांसाठीची कोरडी जागाच कमी होते. भोकावर जाळीचा किंवा कापडाचा तुकडा पुरतो. खतासाठी भोके पाडलेल्या बादलीत एक भाग भाजीची साले आणि दोन-तीन भाग सुका पालापाचोळा असे थर द्यावेत, पिळलेल्या फडक्याइतकी ओल राखावी आणि आठवड्यातून एकदा हलवावे. वास आला तर पाचोळा कमी पडला असे समजावे. काही महिन्यांत गडद, भुसभुशीत, पावसानंतरच्या मातीसारखा वास येणारे खत तयार होते.

कुंडीतली झाडे तहानेपेक्षा पाण्याच्या अतिरेकाने जास्त मरतात. वेळापत्रकाने पाणी घालू नये. बोट दोन-तीन सेंटिमीटर मातीत खुपसून पाहावे आणि ओल उतरून कोरडे लागले तरच द्यावे. एवढी एक सवय लागली तर मेलेल्या झाडांच्या जागी नवी आणण्याचा खर्च जवळजवळ संपतो.

घर पाहताना आणि सामान हलवताना

भाड्याच्या जागेत काहीही जमिनीत लावू नये. सगळे कुंडीत असावे. घरे पाहायला जाताना झाडे वाढवणाऱ्याची नजर कामी येते. एकच घर सकाळी आणि दुपारी अशा दोन वेळा पाहावे, कोणत्या खिडकीत किती तास ऊन येते ते टिपावे. फळभाज्यांना सहा तास ऊन लागते, पालेभाज्यांचे तीन-चार तासांतही निभते. अंधारा, कोंदट कोपरा आणि भिंतीवरची ओल झाडांना नडते तशी माणसांनाही नडते, आणि ती दुरुस्त करण्याचा खर्च किंमत ठरवताना बोलून दाखवता येतो. गच्चीत किंवा गॅलरीत मोठ्या कुंड्या ठेवायच्या असतील तर वजनाचा विचार करावा: भिजलेली माती लिटरला साधारण दीड किलो भरते, त्यामुळे वीस लिटरची एक कुंडी तीस किलोंच्या आसपास जाते.

घराचा व्यवहार सहा महिन्यांवर आला की मोठी, जड झाडे नेण्याचा हट्ट सोडून त्यांची कलमे करायला घ्यावीत. लहान, हलक्या डब्यांतली वीस रोपे एका खोक्यात मावतात आणि वाहतुकीचा खर्च वाढत नाही. मूळ झाडे शेजाऱ्यांना, ओळखीच्यांना देऊन टाकावीत. हलवण्याच्या दोन दिवस आधी पाणी बंद करावे म्हणजे माती सांडत नाही आणि वजनही कमी होते. नव्या जागी पहिला आठवडा रोपांना थेट उन्हात ठेवू नये. पाने थोडी गळाली तरी घाबरून खत घालू नये, कारण नव्या उजेडाशी जुळवून घेताना असे होतेच. दरमहा घराच्या खात्यात जाणारी रक्कमही त्या दिवशी एकदम बंद करू नये. हप्ता सुरू झाल्यावर तिचा लहानसा भाग तसाच चालू ठेवून त्याच खात्याचे नाव ‘घरदुरुस्ती’ असे बदलावे. पहिली गळकी तोटी दुरुस्त करायचे पैसे त्यातूनच निघतात.